हार्ट फेल्युअरच्या पेपरवर ‘सीएसटी’ लिहिताय? आधी या चुका टाळा

ओपीडीत बाहेर सत्तर पेशंट, समोरचे काका म्हणतात बरं वाटतंय डॉक्टर, सूज उतरली, आपण बीपी बघतो आणि सीएसटी लिहून मोकळे. कंटिन्यू सेम ट्रीटमेंट. मीपण वर्षानुवर्षं हेच केलंय, त्यामुळे शिकवायला आलोय असं समजू नका. पण ईएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ४० किंवा त्याखाली असलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. डिस्चार्जच्या वेळी लिहिलेले डोस हे सुरुवातीचे असतात आणि ते वाढवायचे कुणी हे ठरलेलंच नसतं. कार्डिओलॉजिस्टला वाटतं गावातला डॉक्टर बघेल, गावातल्या डॉक्टरला वाटतं मोठ्या डॉक्टरांनी लिहिलंय, आपण कशाला हात लावा.

माझ्याकडे एक मावशी यायच्या, कार्व्हेडिलॉल (बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके हळू करणारी गोळी) ३.१२५ दोन वेळा, दीड वर्ष तोच डोस आणि पल्स ८८. फाइलमधले सगळे पेपर माझ्याच अक्षरातले होते. टार्गेट आहे २५ दोन वेळा, म्हणजे आठपट, आणि मी दीड वर्ष पहिल्याच पायरीवर.

२०२१ची युरोपियन आणि २०२२ची अमेरिकन गाइडलाइन, दोन्ही चार गटांच्या गोळ्या सांगतात: सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन किंवा ते जमत नसेल तर रामिप्रिल-टाइप गोळी, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापा किंवा एम्पा (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, मूळच्या शुगरच्या गोळ्या). एक गोळी फुल डोसला नेऊन मगच दुसरी, ही जुनी पद्धत आता सोडा, त्यात वर्ष जातं. चारही छोट्या डोसमध्ये काही आठवड्यांत सुरू करा, मग वाढवत न्या (बीटा ब्लॉकर मात्र फुफ्फुसात पाणी असताना नाही, पेशंट कोरडा होत आला की). २०२२च्या स्ट्राँग-एचएफ या अभ्यासात डिस्चार्जनंतर २ आठवड्यांत डोस फुलपर्यंत नेले, १८० दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा अ‍ॅडमिशन १५.२ टक्के, नेहमीच्या पद्धतीत २३.३. पण त्यात पेशंटला १, २, ३ आणि ६ आठवड्यांनी बोलावून तपासलं होतं हे विसरू नका. ‘महिन्याने दाखवा’ म्हणून हे जमणार नाही.

बीपी ९६/६० दिसला की आपला हात लगेच गोळी कमी करायला जातो. आधी विचारा, उठल्यावर चक्कर येते का? नसेल तर राहू द्या. येत असेल तर यादीत बीपीची अ‍ॅम्लोडिपिन, प्रोस्टेटची गोळी, नायट्रेट शोधा, लघवीची गोळी जास्त होतेय का बघा, आणि त्यानंतर या चार गोळ्यांकडे वळा. क्रिएटिनिनचंही (किडनीच्या रक्ततपासणीचा आकडा) तसंच. १.२चं १.५ झालं म्हणून घाबरायचं नाही, आधीच्या आकड्याच्या ५० टक्क्यांपर्यंतची वाढ चालवून घेतात, ३च्या वर जायला नको एवढंच.

पोटॅशियमवर जरा थांबतो, कारण खरी भीती तिथेच आहे. स्पायरोनोलॅक्टोन सुरू करताना पोटॅशियम ५च्या आत आणि ईजीएफआर (किडनी किती काम करते तो आकडा) ३०च्या वर हवं, मग १ आठवड्याने आणि ४ आठवड्यांनी तपासणी. ५.५च्या वर गेलं तर डोस निम्मा, ६च्या वर बंद. पण सॅम्पलचा प्रवास विचारायला विसरू नका. सकाळी गावात काढलेलं रक्त तसंच ट्यूबमध्ये दुपारच्या एसटीने शहरातल्या लॅबला गेलं की पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच फुगतो. माझ्या एका पेशंटचं ६.१ आलं, लगेच ईसीजी काढला, नॉर्मल, ताजं सॅम्पल इथेच लावलं तर ४.६. ईसीजी न बघता ‘खोटंच असेल’ म्हणून सोडून देणं मात्र त्याहून वाईट. आणि घरी ‘लो सोडियम’ मीठ आणलंय का हे नक्की विचारा, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. बीपीला चांगलं म्हणून मुलांनीच आणलेलं असतं. सैंधव म्हणजे मीठ नाही असं समजणारेही खूप, उपासाला तर हमखास.

गोळ्यांची पिशवीच घेऊन यायला सांगा, यादी नको. पिशवीत मेटोप्रोलॉल टार्ट्रेट निघतं, आपल्याला सक्सिनेट हवं असतं (या आजारात बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट हीच तीन नावं मुख्य, अ‍ॅटेनोलॉल त्यात नाही). जुनं रामिप्रिलही निघतं, आणि शेजारी नवीन सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन! दोन्ही एकत्र चालत नाहीत, एक बंद करून दुसरी सुरू करताना ३६ तासांचं अंतर हवंच, नाहीतर चेहरा-घसा सुजायचा धोका. आणि गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक ही दुखण्याची, अंगात पाणी साठवणारी गोळी, ते तर मेडिकलवाल्याने परस्पर दिलेलं असतं आणि आपण सूज का परत आली म्हणून डोकं खाजवत बसतो.

डापा-एम्पाचं वेगळंच. ‘मला शुगर नाही मग शुगरची गोळी कशाला’ म्हणत घरचे आठवड्यात बंद करतात, म्हणून लिहितानाच सांगा की ही हृदयाची गोळी आहे. १० मिलिग्रॅम, डोस वाढवायची भानगड नाही, बीपीवर फारसा परिणाम नाही. भारतात डापाचं मूळ पेटंट २०२०मध्ये आणि एम्पाचं २०२५मध्ये संपलं, त्यामुळे महाग पडते हे कारणही आता फारसं चालत नाही. उलट्या-जुलाब किंवा निर्जळी उपास असेल त्या दिवशी बंद, ऑपरेशनच्या ३ दिवस आधी बंद, आणि लघवीच्या जागेची स्वच्छता ठेवा हे न लाजता सांगा.

इको नॉर्मल आला म्हणून गोळ्या थांबवणं ही तर अगदी गोड चूक, पेढे घेऊन येतात लोक. ट्रेड-एचएफ या अभ्यासात सुधारलेल्या पेशंटच्या गोळ्या बंद केल्या तर ६ महिन्यांत ४४ टक्के जणांचा आजार परतला.

त्या मावशी आता १२.५वर आहेत, पल्स ६६. घरातल्या कॅलेंडरवर रोज सकाळचं वजन लिहितात, ३ दिवसांत २ किलोच्या वर वाढलं की फोन करतात. पेपरवर मी आता सीएसटीच्या जागी असं लिहितो: १५ दिवसांनी, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन घेऊन, पल्स ६०च्या वर असेल तर २५.