नदीतलं बेट किती बदललं, हे उपग्रह प्रतिमांवरून कसं मोजायचं

कंबोडियाची राजधानी नॉम पेनमधलं कोह पिच हे बेट सरावाला उत्तम. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथे मुख्यतः शेती होती. आज उंच इमारती आहेत. बेटाचं क्षेत्रफळ सुमारे १०० हेक्टर. एवढ्या छोट्या जागेवर लहानशी चूकही आकडा बिघडवते.

लागतं काय? क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर आणि यूएसजीएस या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेच्या अर्थ एक्सप्लोरर संकेतस्थळावरून घेतलेल्या लँडसॅट उपग्रहांच्या 'लेव्हल २' (वातावरणाचा परिणाम काढून टाकलेल्या) प्रतिमा. २०११ पर्यंत लँडसॅट ५, २०१३ पासून लँडसॅट ८. मधल्या काळात फक्त लँडसॅट ७ आहे आणि मे २००३ अखेरच्या बिघाडानंतर त्याच्या प्रतिमांत काळे पट्टे येतात. शक्यतो ती वर्षं टाळा.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो प्रतिमा निवडायला. मेकाँग नदीची पातळी पावसाळ्यात कित्येक मीटर चढते. एका वर्षाची प्रतिमा ऑक्टोबरची आणि दुसऱ्याची मार्चची घेतलीत, तर उघडा पडलेला काठच 'भराव' म्हणून मोजला जातो. सगळ्या वर्षांच्या प्रतिमा जानेवारी-फेब्रुवारीतल्याच घ्या. आकाश निरभ्र असतं, पाणी उतरलेलं असतं आणि शेतंही पार करपलेली नसतात. करपलेलं शेत बांधकामासारखं दिसतं, म्हणून मार्च-एप्रिल नको.

डाउनलोड केलेल्या प्रत्येक बँडमधला (प्रकाशाच्या एकेका पट्ट्याच्या प्रतिमेतला) पिक्सेलचा आकडा ०.००००२७५ ने गुणून त्यातून ०.२ वजा करा. ही पायरी अनेकजण गाळतात. सगळ्या बँडना एकच गुणक आहे, मग गुणोत्तरात काय फरक पडणार, असं वाटतं. पण वजाबाकीमुळे फरक पडतो आणि निर्देशांक (खालच्या सूत्रांतून येणारा आकडा) चुकतो.

आता बेटाभोवती पॉलिगॉन (बंद आकृती) आखा, तोही नदीत २००-३०० मीटर बाहेरपर्यंत. सगळ्या वर्षांना हाच वापरा. आजच्या काठाला चिकटून आखलात तर जुन्या वर्षांत काठाबाहेर असलेली आणि नंतर वाहून गेलेली जमीन हिशेबातच येत नाही.

पाणी वेगळं काढायला क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये (हिरवा − स्विर) ÷ (हिरवा + स्विर) हे सूत्र घाला. स्विर म्हणजे लघुतरंग अवरक्त बँड. लँडसॅट ८ साठी बँड ३ आणि ६, लँडसॅट ५ साठी २ आणि ५. शून्याच्या वर ते पाणी, असं धरून सुरुवात करा आणि काठ डोळ्यांनी तपासून उंबरठा थोडा सरकवा. उरलेल्या जमिनीवर (स्विर − एनआयआर) ÷ (स्विर + एनआयआर) चालवा. एनआयआर म्हणजे निकट अवरक्त बँड, लँडसॅट ८ मध्ये बँड ५, लँडसॅट ५ मध्ये ४. इथे शून्याच्या वरचा आकडा म्हणजे बहुधा बांधकाम.

'बहुधा' म्हणण्याचं कारण रेती. विकासाच्या पहिल्या टप्प्यात बेटावर नदीतली रेती पसरतात आणि कोरडी रेती या निर्देशांकात सिमेंटसारखीच दिसते. त्यामुळे एकही इमारत नसताना अर्धं बेट 'शहरी' निघतं. लँडसॅट ८ चे बँड ६-५-४ लाल, हिरवा, निळा या क्रमाने एकत्र लावून बघा. झाडी हिरवी, पाणी काळसर, रस्ते-इमारती जांभळट आणि ताजी रेती सलग, फिकट डागासारखी दिसते. २०१४ नंतरच्या वर्षांसाठी सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाचं रडार जास्त खात्रीचं. इमारतींच्या भिंतींवरून लहरी जोरात परततात, सपाट रेती काळपट राहते. त्याआधीच्या वर्षांत 'उघडी जमीन' असा वेगळा वर्ग ठेवणंच प्रामाणिक.

क्षेत्रफळासाठी 'रास्टर लेयर युनिक व्हॅल्यूज रिपोर्ट' चालवा. प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) यूटीएम ४८ उत्तर हवं. एक पिक्सेल ३० × ३० मीटर, म्हणजे ०.०९ हेक्टर. मग प्रत्येक वर्गातले तीसेक बिंदू गूगल अर्थ प्रोच्या जुन्या प्रतिमांशी ताडून बघा.

काठावरच्या पिक्सेलमध्ये अर्धं पाणी, अर्धी जमीन असते. काठ ४ किलोमीटर लांब असेल आणि तो अर्ध्या पिक्सेलने, म्हणजे १५ मीटरने चुकला, तर फरक ६ हेक्टरचा. दोन वर्षांच्या क्षेत्रफळातली तफावत याहून कमी आली, तर 'बेट वाढलं' असं लिहू नका.