बनियनला येणारा अमोनियाचा वास

बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पहाटे धावून टिळकवाडीत घरी आलो की बनियनला मुतारीसारखा उग्र दर्प यायचा. आईने ते वेगळ्या बादलीत भिजवायला घेतलं, तेव्हा फार वाईट वाटलं.

भात-भाकरी बंद, नुसती अंडी, चिकन, पनीर चालू होतं. साबण बदलला, डिओ बदलला, फरक शून्य. कारण आतलं होतं. कर्बोदकं कमी पडली की व्यायामात शरीर प्रथिनंही जाळतं. त्यातून अमोनिया सुटतो. यकृत त्याचा युरिया करतं, पण जास्त झाला की थोडा घामावाटे निघतो.

मग धावण्याआधी एक केळं, दुपारी ज्वारीची एक भाकरी परत सुरू केली, पाणीही वाढवलं. दहाएक दिवसांत वास गेला. हे करूनही वास राहिला, तर मूत्रपिंड-यकृताची तपासणी मात्र नक्की करून घ्या.