ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चांगला देव की वाईट देव, कसं खेळायचं

2001 साली लायनहेड स्टुडिओनं काढलेला हा पीटर मॉलिन्यूचा कॉम्प्युटर गेम, ज्यात तुम्ही गावकऱ्यांचा देव असता, आजही लोक शोधून खेळतात, आणि नवीन येणारा प्रत्येक जण एकच विचारतो की चांगला देव व्हायचं का वाईट. गेममध्ये असं बटण कुठंच नाहीये. स्क्रीनवर फक्त तुमचा हात असतो, त्या हातानं तुम्ही जे करता त्यावरून ठरतं, मग हळूहळू तो हात आणि तुमचं मंदिरच बदलायला लागतं, चांगुलपणा केला की उजळ होतं आणि दुष्टपणा केला की काळंभोर, काटेरी. दोन सल्लागार सारखे कानाशी बोलत असतात, एक सज्जन आणि एक दुष्ट. सुरुवातीला दोघांचंही ऐकून घ्या, कामाच्या टिप्स दोघांकडूनही मिळतात.

सगळ्यात आधी गावाचं पोट बघा. हे दोन्ही प्रकारच्या देवांना लागू आहे आणि इथेच बहुतेक जण चुकतात. गावाच्या कोठारावर झेंडे असतात, जो झेंडा जास्त वर तेवढी त्या गोष्टीची गरज जास्त, धान्य, लाकूड वगैरे. दर वेळी स्वतः धान्य नेऊन टाकत बसू नका, एखाद्या गावकऱ्याला उचलून शेताजवळ ठेवलं की तो कायमचा शेतकरी होतो, झाडांजवळ ठेवलं की लाकूडतोड्या, दुसऱ्या माणसाजवळ ठेवलं की पोरंबाळं वाढवायच्या कामाला लागतो. असे थोडे शिष्य केले की गाव बऱ्यापैकी स्वतःचं स्वतः चालतं आणि तुम्ही मोकळे होता.

मग पूजा. गावाच्या मध्यभागचा टोटेम, म्हणजे पूजेचा खांब, जितका वर ओढाल तितके जास्त लोक मंदिराशी जाऊन नाचतात, त्यातून चमत्कारांची ताकद मिळते. पण नाचणारे लोक दमतात, उपाशी राहिले तर मरतात. चांगल्या देवानं तिथं धान्य पोचवायचं आणि टोटेम अधूनमधून खाली आणून लोकांना घरी जाऊ द्यायचं. वाईट देव त्यांना तसंच नाचवत ठेवतो, वर वेदीवर जिवंत माणसाचा बळी दिला की ताकद एकदम उसळते, म्हाताऱ्यापेक्षा लहान पोराच्या बळीनं जास्त. ऐकायला भयंकर आहे, आणि खेळतानाही पहिल्यांदा हात थबकतो. फक्त हे लक्षात ठेवा की मेलेला भक्त उद्या पूजेला येत नाही, त्यामुळे वाईट देवाला लोकसंख्येकडे उलट जास्तच लक्ष द्यावं लागतं.

आता प्राणी, म्हणजे तुम्ही पाळून शिकवता तो, गेमचा खरा जीव. पहिल्याच बेटावर माकड, गाय आणि वाघ यातून एक निवडायचा असतो. माझं ठाम मत, पहिल्यांदा खेळताय तर माकड घ्या, ते पटकन शिकतं. वाघ ताकदीचा आहे पण त्याला शिकवायला दम लागतो. प्राण्याला बांधायच्या दोऱ्या तीन, शिकवायची, रागाची आणि मायेची. शिकवायची दोरी बांधून त्याच्यासमोर तुम्ही जे कराल ते तो बघून उचलतो, म्हणजे शेताला पाणी घालाल तर ते आणि घरावर आगीचा गोळा टाकाल तर तेही. मग त्यानं काही केलं की लगेच, म्हणजे खरंच लगेच, कुरवाळा नाहीतर चापट मारा, कारण उशीर केलात तर तो दुसऱ्याच कशाचा तरी धडा घेतो. गेमचा प्रोग्रामर रिचर्ड इव्हान्सनं या प्राण्याचा मेंदू असा बनवलाय की तो सुट्या सुट्या घटना पाठ करत नाही, त्यातून नियम काढतो, काय खाल्ल्यावर कौतुक झालं आणि काय खाल्ल्यावर मार बसला यावरून काय खाण्यासारखं ते ठरवतो. म्हणून एकदा माणूस खाल्ल्यावर मारलं आणि पुढच्या वेळी हसून कुरवाळलं असं करू नका, तो पार गोंधळतो. शिवाय प्राण्याचा चांगुलपणा तुमच्यापेक्षा वेगळा मोजला जातो, दुष्ट देवाकडे प्रेमळ गाय असू शकते!

शेजारचं गाव घ्यायचं तर तिथल्या लोकांचा विश्वास वाढवावा लागतो, आणि भीतीसुद्धा विश्वासच धरली जाते. चांगला देव अन्न, पाऊस, आजार बरे करणं यावर चालतो, वाईट देव दगड आणि वीज. पण तोच चमत्कार परत परत केला की लोक कंटाळतात आणि विश्वासाचा आकडा हलेनासा होतो, तेव्हा पाच मिनिटं धान्य, मग जंगल उगवायचा चमत्कार, मग प्राण्याला पाठवा असं बदलत राहा. तुमचा हात तुमच्या प्रभावाच्या रेषेबाहेर, म्हणजे तुमची सत्ता जिथवर पोचते त्या हद्दीबाहेर, चालत नाही, प्राणी मात्र बाहेर जाऊ शकतो, त्यामुळे लांबच्या गावासाठी तोच तुमचा माणूस. धर्मप्रचारक शिष्यही पाठवा, हळू असतात पण फुकट काम करतात.

बेटं पाच आहेत, तिसऱ्यावर लेथिस हा शत्रू देव तुमचा प्राणी अडकवून ठेवतो, मग त्याच्याशिवाय गावं जिंकावी लागतात. म्हणून पहिल्या दोन बेटांवर घाई न करता हातानं चमत्कार करायची सवय लावून घ्या, सगळं प्राण्यावर सोडून दिलंत तर तिसऱ्यावर अडकाल.