फिल्टरची यूआरएल: कुठली गूगलला दाखवायची, कुठली नाही

ई-कॉमर्सच्या एसईओत, म्हणजे ऑनलाइन दुकान गूगलच्या शोधात नीट दिसावं यासाठीच्या कामात, नवीन आलेल्याच्या गळ्यात पहिलं काम हमखास हेच पडतं: "फिल्टर लावला की यूआरएल कशी वेडीवाकडी होते बघ, जरा नीटनेटकी कर." लगेच हो म्हणू नका. यूआरएल म्हणजे पानाचा पत्ता. फिल्टर लावला की त्याच्या मागे प्रश्नचिन्ह आणि फिल्टरचं नाव जोडलं जातं, आणि अशी प्रश्नचिन्हवाली यूआरएल गूगलला चालते. ती देखणी करायच्या नादात प्रत्येक फिल्टर स्लॅश लावून पत्त्यात बसवला, की नंतर नको असलेली पानं वेगळी काढणं फार जड जातं. कोणत्या फिल्टरला स्वतःचं पान द्यायचं आणि कोणाला नाही, हे ठरवणं हेच खरं काम. पत्त्याचं रूप त्यानंतर ठरतं.

मी साड्यांच्या दुकानांसाठी काम करत आले, म्हणून उदाहरणं तिथलीच देते. साईटवर ही अक्षरं बहुधा रोमन असतात, इथे वाचायला सोपं पडावं म्हणून देवनागरीत लिहिते.

पैठणीचं कॅटेगरी पेज घ्या. 12 रंग, 6 प्रकारचे पदर, किंमतीचे 5 टप्पे आणि क्रम लावायचे 4 प्रकार. प्रत्येक फिल्टरमधून एकच पर्याय निवडता येतो असं धरलं, आणि फिल्टर न लावणं हाही एक पर्याय मोजला, तर 13 × 7 × 6 × 4 म्हणजे 2,184 यूआरएल. एका वेळी अनेक रंग निवडायची सोय दिलीत तर एकट्या रंगांचेच 4,096 गट होतात. वर क्रमाचा घोळ: "?रंग=हिरवा&पदर=मोर" आणि "?पदर=मोर&रंग=हिरवा" हे गिऱ्हाइकासाठी एकच पान, गूगलबॉटसाठी, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रॅमसाठी, दोन पत्ते. दुकानात साड्या असतील तीनशे. बॉट मात्र लिंक दिसेल तिकडे जात राहतो, कारण पान उघडून पाहिल्याशिवाय ते कामाचं आहे की नाही हे त्याला कळायचा मार्ग नाही. तेवढ्यात तुमची परवा टाकलेली नवी साडी ताटकळत राहते.

निवड करताना मी दोन गोष्टी बघते. लोक हे शब्द खरंच टाइप करतात का? आणि त्या पानावर वर्षभर पुरेसा माल असतो का? "बांगडी मोर पैठणी" लोक शोधतात. "सेमी पैठणी" शोधतात. लग्नसराई आणि डोहाळजेवणामुळे "हिरवी पैठणी" शोधतात. "हिरवी पैठणी, पाच ते सात हजार, नवीन आधी, पान तिसरं" असं जगात कोणी शोधत नाही. पहिल्या तिघींना "/पैठणी/बांगडी-मोर/" असा स्वच्छ पत्ता, स्वतःचं शीर्षक, चार ओळींचा खरा मजकूर आणि मेन्यूतून साधी लिंक द्या. बाकी सगळे फिल्टर प्रश्नचिन्हामागे राहू द्या, आणि कोणत्याही क्रमाने क्लिक केलं तरी यूआरएलमध्ये ते ठरलेल्या क्रमानेच यावेत हे डेव्हलपरकडून करून घ्या. सुरुवातीची अर्धी लढाई इथेच जिंकता येते, आणि यात अवघड काही नाही.

आता तो सापळा. मी यात अडकले होते, त्यामुळे हा भाग सावकाश वाचा.

फिल्टरची हजारो पानं आधीच गूगलमध्ये इंडेक्स झालेली, म्हणजे त्याच्या शोधयादीत नोंदलेली, असतात. ती काढायची म्हणून आपण त्यांच्यावर नोइंडेक्स, म्हणजे हे पान यादीत ठेवू नका ही सूचना, लावतो. मग वाटतं, दुहेरी बंदोबस्त करू, म्हणून त्याच दिवशी रोबोट्स फाइलमध्ये (बॉटने कुठे जायचं नाही हे सांगणारी साईटवरची फाइल) त्या यूआरएल अडवतो. दोन कुलुपं, डबल सुरक्षा! प्रत्यक्षात दुसऱ्या कुलपाने पहिलं निकामी होतं. नोइंडेक्सची सूचना पानाच्या आत किंवा सर्व्हरच्या उत्तरात असते. ती वाचायला बॉटला ते पान उघडावं लागतं. रोबोट्स फाइल त्याला सांगते, उघडू नकोस. तो आज्ञाधारकपणे उघडत नाही, म्हणून नोइंडेक्स त्याला कधी दिसतच नाही, आणि जुनी पानं इंडेक्समध्ये तशीच पडून राहतात. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साईटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात, "रोबोट्सने अडवलेलं असूनही इंडेक्स झालेलं" अशा अर्थाचा शेरा दिसायला लागतो. कॅनॉनिकलचीही (सारख्या पानांपैकी मूळ पान कोणतं हे सांगणारी खूण) तीच गत: अडवलेल्या पानावरचा कॅनॉनिकल वाचणार कोण?

रोबोट्स फाइल क्रॉल, म्हणजे बॉटचं पानं उघडत फिरणं, थांबवते, नोइंडेक्स इंडेक्समधून काढतं. कामं दोन आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी दार उघडं ठेवून नोइंडेक्स लावा. बॉटला येऊ द्या, वाचू द्या. सर्च कन्सोलमधला आकडा खाली येईपर्यंत थांबा, याला आठवडे नव्हे, महिनेही लागू शकतात. ती पानं इंडेक्समधून गेली की मगच रोबोट्स फाइलमध्ये अडवा. घाई झाली म्हणून सर्च कन्सोलमधलं रिमूव्हल टूल वापरलंत तर ती पानं साधारण सहा महिन्यांपुरतीच लपतात, हेही लक्षात असू द्या. दुकान अगदी नवीन असेल आणि यातलं काहीच इंडेक्स झालेलं नसेल, तर मात्र पहिल्या दिवसापासून अडवा, ते उत्तम.

अडवतानाही हात जपून. "/*रंग" असा नियम लिहिला (* म्हणजे मधे काहीही चालेल) तर "/नारंगी-पैठणी/" हे चांगलं, कमावतं पान त्यात सापडतं, कारण "नारंगी"च्या पोटात "रंग" आहे. रोमन स्पेलिंगमध्येही तेच होतं. नियम "/*?*रंग=" असा लिहा, प्रश्नचिन्ह आणि बरोबरचं चिन्ह धरून. लाइव्ह करण्याआधी आपल्या महत्त्वाच्या वीस-पंचवीस यूआरएल त्या नियमावर एकेक करून तपासा. हे कंटाळवाणं आहे, तरी करा. गूगल रोबोट्स फाइल साधारण 24 तास जपून ठेवतं, म्हणजे चूक दुरुस्त केली तरी ती लगेच पुसली जात नाही.

"कॅनॉनिकल टाक, बाकी गूगल बघून घेईल" असं सांगणारे गुरू तुम्हाला पदोपदी भेटतील. माझं स्पष्ट मत आहे की हा सल्ला अर्धवट आहे. कॅनॉनिकल 2009 मध्ये आला तेव्हापासून तो गूगलसाठी इशारा आहे, हुकूम नाही. हिरव्या पैठण्यांचं पान आणि सगळ्या पैठण्यांचं पान यांतला माल वेगळा असेल, तर गूगल तुमचा कॅनॉनिकल बाजूला सारू शकतं. शिवाय त्याने क्रॉल लगेच थांबत नाही, पान वाचल्यावरच तो कळतो. तसंच फिल्टरच्या यूआरएल कशा हाताळायच्या हे गूगलला सांगायचं यूआरएल पॅरामीटर टूल वापरायला शिकवणारा कोर्स भेटला तर पैसे वाचवा. ते टूल गूगलने एप्रिल 2022 मध्ये बंद केलं. आणि एसईओ प्लगइनचा हिरवा दिवा म्हणजे त्या एका पानाचा दाखला, तुमच्या दोन हजार यूआरएलबद्दल तो काहीच सांगत नाही.

मला ज्यांनी हे काम शिकवलं त्या बाईंनी सुरुवातीला एकही महागडं टूल उघडू दिलं नाही. सर्व्हरचा लॉग, म्हणजे साईटवर कोणी कधी कुठलं पान मागितलं याची नोंद, हातात दिला आणि गूगलबॉटच्या ओळी वेगळ्या काढून वाचायला बसवलं. तारीख, वेळ, मागितलेला पत्ता, उत्तराचा कोड. ओळीमागून ओळ "क्रम=किंमत-कमी", "क्रम=किंमत-जास्त", "पान=14" हेच येत राहतं, आणि मधेच कुठेतरी एखादी खरी साडी दिसते. ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की कुठला फिल्टर आधी आवरायचा हे कोणाला विचारावं लागत नाही. फक्त गूगलबॉटच्या नावाने फिरणारे तोतयेही असतात, तेव्हा आयपीचा उलटा डीएनएस (त्या आयपीमागचं खरं नाव) तपासून घ्या. लॉग मिळत नसेल तर सर्च कन्सोलच्या सेटिंग्जमधला क्रॉल स्टॅट्स रिपोर्ट बघा, बरंच कळतं.

बाकीचं थोडक्यात. फिल्टरच्या जोडीला एकही साडी नसेल तर 404 (पान नाही, असा सर्व्हरचा कोड) द्या, "काही सापडलं नाही" असं लिहिलेलं 200चं (सगळं ठीक, असा कोड) पान नको, होमपेजवर ढकलणंही नको. पण निवडून पान दिलेल्या फिल्टरचा माल चार दिवसांपुरता संपला असेल तर ते पान ठेवा, परत येईल असं लिहा. दुसऱ्या-तिसऱ्या पानाचा कॅनॉनिकल पहिल्या पानावर टाकू नका, प्रत्येकाचा स्वतःवरच ठेवा. आपल्याच साईटच्या आतल्या लिंकना यूटीएम (गिऱ्हाईक कुठून आलं हे मोजायची शेपटी) जोडू नका.

देवनागरी स्लगबद्दल (स्लग म्हणजे पत्त्यातलं पानाचं नाव) मराठी दुकानदार नेहमी विचारतात. गूगलला ते समजतात, भिऊ नका. पण देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना-मात्रा वेगळी मोजून, यूआरएलमध्ये नऊ रोमन चिन्हांचं होतं. वर्डप्रेस स्लग 200 चिन्हांवर कापतं. "हिरवी-बांगडी-मोर-पैठणी" 174 मध्ये मावतं, पुढे "-साडी" जोडलंत की "डी" गळून "सा"वर थांबतं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली की टक्के-आकड्यांची लांबलचक रांग दिसते, ते वेगळंच. मी स्वतः रोमन स्लग घेते, आणि "नऊवारी"चं एकच स्पेलिंग ठरवून पूर्ण साईटभर तेच वापरते.

चालू पत्ते बदलायचेच असतील तर जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्यावर 301 (कायमचं वळण) लावा आणि ते किमान वर्षभर काढू नका. केवळ दिसायला छान म्हणून चालणारे पत्ते बदलू नका, कृपा करून.

हे सगळं नीट केलंत की इंडेक्स झालेल्या पानांचा आलेख कोसळताना दिसेल, आणि मालकाचा फोन येईल. तो येणारच, घाबरू नका. काम सुरू करण्याआधीच त्यांना लेखी कळवा की हा आकडा खाली आणायचाच आहे. निवडलेल्या पानांची यादी वेगळी करून ठेवा, आणि त्या यादीवरचे क्लिक आलेखाच्या शेजारी लावून दर महिन्याला त्यांच्यापुढे ठेवत जा.