क्रिएटिनिन कोणत्या किटवर मोजलंत? किडनीवरचा पेपर पाठवण्याआधीची तयारी

माझा किडनीवरचा पहिला पेपर रिव्ह्यूअरच्या एका ओळीवर पडला. ओळ अशी होती: हंगामाआधीचं आणि हंगामानंतरचं क्रिएटिनिन एकाच पद्धतीने मोजलं आहे का? (क्रिएटिनिन स्नायूंतून रक्तात येतं आणि किडनी ते बाहेर टाकते, म्हणून किडनी बिघडली की त्याचा आकडा चढतो.) मला माहीत नव्हतं. लॅबला फोन लावला. टेक्निशियन भाऊ शांतपणे म्हणाले, "जानेवारीत टेंडर बदललं ना मॅडम. तेव्हापासून एन्झायमॅटिक किट येतं. आधी जॅफे होतं." आमची पहिली सॅम्पलं ऑक्टोबरची, दुसरी मार्चची, म्हणजे मोजायच्या दोन वेगळ्या पद्धती. खेळ खलास.

अभ्यास ऊसतोड मजुरांचा होता. मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये, ऊसतोड करणाऱ्या तरुण माणसांच्या किडन्या मधुमेह-रक्तदाब नसताना निकामी होतात, हे गेल्या वीसेक वर्षांत भरपूर लिहिलं गेलंय. आपल्याकडे आंध्रातल्या उद्दानमचं नाव त्याच संदर्भात येतं, तिथे ऊस नसला तरी. मग मराठवाड्यातून दरवर्षी कोयता घेऊन निघणाऱ्या टोळ्यांचं काय, हा साधा प्रश्न. गावातून निघण्याआधी रक्त घ्यायचं, पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या सुमारास फडात जाऊन पुन्हा घ्यायचं, फरक बघायचा. आणि आमच्या आकड्यांत क्रिएटिनिन हंगामानंतर चक्क उतरलेलं दिसलं. आम्ही शहाण्यांनी त्यावर अर्धं पान लिहिलं, स्नायू झिजतात वगैरे. पाच महिने फडात राबून किडनी सुधारते असं आम्ही छापायला निघालो होतो. सुधारलं काही नव्हतं, किट बदललं होतं.

म्हणून पहिलं काम, सिनॉप्सिस लिहायच्याही आधी: लॅबमध्ये स्वतः जा. फोन नको, ज्युनिअरला पाठवणं नको. जिथे मशीन आहे तिथे उभे राहा आणि विचारा, क्रिएटिनिन जॅफेने होतं की एन्झायमॅटिकने? किट कोणत्या कंपनीचं? आयडीएमएसला, म्हणजे संदर्भ मानलेल्या अचूक पद्धतीला, जोडलेलं कॅलिब्रेशन आहे का? किटच्या डब्यात आठ घड्या घातलेला, मुंगीएवढ्या अक्षरांचा एक कागद असतो. तो उलगडून दोन्ही बाजूंचा फोटो काढा. डब्यावरच्या लॉट नंबरचाही. फोटो स्वतःला मेल करा, कारण मोबाइल हरवतात. आणि मुख्य म्हणजे विचारा, हे किट कधीपर्यंत आहे, टेंडर कधी संपतं. हा प्रश्न मी विचारला नव्हता.

यात एवढं काय, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडं. जॅफेची पद्धत 1886 ची. अल्कली घातलेल्या पिक्रेटशी क्रिएटिनिनचा नारिंगी रंग येतो, तो मोजायचा. स्वस्त आहे म्हणून अजून चालते. पण तोच रंग ग्लुकोज, कीटोन, प्रथिनं, काही सेफॅलोस्पोरिन अँटिबायोटिकं यांच्याशीही थोडाफार येतो, म्हणून आकडा वर जातो. बिलिरुबिन जास्त असेल तर उलट खाली येतो. एन्झायमॅटिक पद्धत क्रिएटिनिनलाच नेमकी धरते, पण महाग पडते. दोन्हींत दशांश-दोन दशांशाचा फरक पडणं ही रोजची गोष्ट आहे. वॉर्डात त्याला कोणी विचारत नाही, पेपरात तोच घात करतो. 45 वर्षांची बाई घ्या. क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून किडनीच्या गाळणीचा वेग, म्हणजे ईजीएफआर, काढणाऱ्या 2021 च्या सीकेडी-ईपीआय समीकरणात क्रिएटिनिन 1.0 घातलं तर तो 71 येतो, 1.1 ला 63 आणि 1.2 ला 57. म्हणजे बाई तीच, किडनी तीच, आणि केवळ किटमुळे ती साठच्या रेषेच्या (किडनीच्या आजाराच्या व्याख्येतली सीमा) अलीकडून पलीकडे जाते. आणखी एक गैरसमज इथेच मोडून टाका. "आमचं किट आयडीएमएस ट्रेसेबल आहे" म्हणजे सगळं भागलं असं नाही. त्याने कॅलिब्रेशन सुधारतं, जॅफेला इतर पदार्थांचा लागणारा रंग जात नाही.

दुसरं, याच्याच पोटातलं: सीरम (रक्तातल्या पेशी वेगळ्या केल्यावर उरणारा द्रव) राखून ठेवा. प्रत्येक सॅम्पलच्या दोन छोट्या नळ्या जास्त भरा आणि उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये टाका. हंगाम संपला की पहिल्या आणि दुसऱ्या वेळच्या सगळ्या नळ्या एकाच दिवशी, एकाच मशीनवर, एकाच लॉटने लावा. मी हे केलं असतं तर टेंडर दहा वेळा बदललं असतं तरी काही बिघडलं नसतं. मी सीरम फेकून दिलं, कारण फ्रीजरमध्ये जागा मागायला लाज वाटली. मागा. फ्रीजर जनरेटरवर आहे ना, तेही बघा. नळ्यांवर साध्या पेनाने लिहू नका, गारठ्याने शाई जाते.

आता एथिक्स कमिटी. सगळ्यांना माहीत आहे, तरी एक सांगते: हंगाम कमिटीसाठी थांबत नाही. दसरा झाला की गाड्या भरायला लागतात. अर्ज जूनमध्ये टाका, कारण एक तरी शंका निघतेच आणि पुढची बैठक कधी ते त्यांनाही ठाऊक नसतं. मंजुरीच्या तारखेआधी घेतलेलं एकही सॅम्पल पेपरात घालता येत नाही. आणि संमती माणसाची घ्यायची. मुकादमाने "घ्या हो रक्त, काही म्हणत नाहीत ते" म्हटलं म्हणजे संमती झाली नाही. त्याची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर असलेला माणूस त्याच्यासमोर नाही म्हणेल का? मुकादमाला चहाला पाठवा, मग बोला. एका कोयत्यात नवरा-बायको दोघं असतात. बायकोची सही नवऱ्याकडून घेतलेलीही मी पाहिली आहे. चालत नाही.

नुसतं निरीक्षण असेल तर ठीक. पण तुम्ही मजुरांना सावली, पाणी, विश्रांती देऊन काय फरक पडतो ते बघणार असाल तर ती ट्रायल झाली, आणि पहिला माणूस घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या नोंदवहीत, नोंदणी हवी. 1 एप्रिल 2018 पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. जर्नलंही विचारतात. यावर जास्त लिहीत नाही, हे विसरणारे दुसरे आहेत, मी नाही.

सॅम्पल घेताना वेळ लिहा. तारीख नव्हे, वेळ. पहाटे फडात शिरण्याआधी घेतलेलं रक्त आणि दुपारी मोळ्या वाहून आल्यावर घेतलेलं रक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाम गेलेल्या माणसाचं क्रिएटिनिन तात्पुरतं वर असतं. आदल्या रात्री मटण झालं होतं का तेही विचारा, शिजवलेल्या मांसाने काही तास आकडा चढतो. आम्ही एका गावात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पोचलो होतो आणि पाहुणचार घेऊनच कामाला लागलो. अंगदुखीच्या गोळ्या कोणत्या, किती, हे तर विचाराच. नाव सांगता येत नाही, रिकामं पाकीट मात्र खोपीत सापडतं. आणि रक्त लवकर सेंट्रिफ्यूज करा. सीरम वेगळं करायला उशीर झाला की जॅफेचा आकडा आणखी वर जातो. म्हणून फॉर्मवर तीन रकाने करा: रक्त कधी घेतलं, सीरम कधी वेगळं केलं, मशीनवर कधी लावलं. आणि चौथा रकाना, किट कोणतं. हो, प्रत्येक सॅम्पलसमोर. कंटाळा आला तरी.

व्याख्या नीट लावा. एका दिवसाचं क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं म्हणून क्रॉनिक किडनी डिसीज लिहू नका. केडिगो या किडनीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेच्या व्याख्येत तीन महिन्यांहून जास्त काळ टिकणं आहे. ईजीएफआर साठच्या खाली, नाहीतर लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन किंवा किडनीला इजा झाल्याचं दुसरं लक्षण. म्हणजे हंगामानंतर तीन महिन्यांनी तिसरी फेरी करावी लागते, त्याचा खर्च आधीच धरा. लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो कराच, डिपस्टिकवर भागवू नका. कोणतं समीकरण वापरलं ते सालासकट लिहा, 2009 चं की 2021 चं. आपल्या लोकांचे स्नायू कमी, खाण्यात मांस कमी, त्यामुळे क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर खऱ्यापेक्षा चांगला दिसू शकतो. पैसे असतील तर सिस्टॅटिन सी ही स्नायूंवर कमी अवलंबून असलेली रक्तचाचणीसुद्धा करा. नसतील तर ही मर्यादा स्वतःच लिहून टाका, रिव्ह्यूअरची वाट बघू नका.

जे दुसऱ्यांदा सापडले नाहीत त्यांची वेगळी यादी ठेवा. टोळी कर्नाटकात गेली, कारखाना लवकर बंद पडला, ही कारणं असतातच. पण जो मध्येच आजारी पडून गावी परतला, त्याचीच किडनी बिघडलेली असण्याची शक्यता जास्त. तुमच्या टेबलात राहिले ते टिकलेले. अशा माणसांच्या गावी निदान एक फोन करा आणि काय झालं ते लिहा. आम्ही "संपर्क झाला नाही" एवढं लिहून मोकळे झालो होतो. तो रिव्ह्यूअरचा दुसरा प्रश्न होता.

आकडेमोडीसाठी स्टॅटिस्टिशियनला सॅम्पल घ्यायच्या आधी भेटा. नंतर भेटलात तर अभ्यास कशाने मेला, एवढंच कारण तो सांगतो.

लिहिताना स्ट्रोबची, म्हणजे निरीक्षणाच्या अभ्यासात काय काय लिहायचं त्याची, यादी शेजारी ठेवा, 22 मुद्दे आहेत, बरीच जर्नलं भरून मागतात. पद्धतीच्या परिच्छेदात क्रिएटिनिनचं वाक्य पूर्ण लिहा: पद्धत, मशीन, किटची कंपनी, कॅलिब्रेशन, आणि अभ्यासाच्या काळात यातलं काही बदललं नाही हे. बदललं असेल तर तारखेसकट. "क्रिएटिनिन प्रमाणित पद्धतीने मोजलं" हे वाक्य मी लिहिलं होतं. त्या वाक्याला काही अर्थ नसतो. असलं वाक्य तुमच्या मसुद्यात दिसलं तर समजा की तुम्हीही लॅबमध्ये गेला नाहीत. उठा आणि जा.

शब्द: केडिगोने 2020 मध्ये नावं सुचवली, त्यात "रीनल"ऐवजी "किडनी", आणि "एंड स्टेज"ऐवजी "किडनी फेल्युअर". बरीच जर्नलं आता तसंच मागतात. एककं जर्नलच्या पद्धतीने द्या, डेसिलिटरमागच्या मिलिग्रॅमला 88.4 ने गुणलं की लिटरमागचे मायक्रोमोल येतात.

जर्नल निवडताना हावरेपणा नको. सरळ किडनी इंटरनॅशनलला पाठवून चार महिने वाट बघायची आणि मग रडायचं, यात वर्ष जातं. इंडियन जर्नल ऑफ नेफ्रॉलॉजीत आपला विषय समजणारे वाचक आहेत. बीएमसी नेफ्रॉलॉजी, किडनी इंटरनॅशनल रिपोर्ट्स यांची फी आधी बघा, अर्धा पगार जाईल. आणि "आदरणीय डॉक्टर, सात दिवसांत प्रकाशन" अशा मेलला उत्तरही देऊ नका. बढतीची घाई आहे म्हणून एका ओळखीच्यांनी तिथे पैसे भरले. पेपर कुठल्याच इंडेक्समध्ये नाही, आता मागे घेताही येत नाही.

ऑथरचा क्रम सुरुवातीलाच कागदावर घ्या. विभागप्रमुखांचं नाव आपोआप येत नाही, आयसीएमजेईच्या, म्हणजे वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीच्या, चार अटी आहेत, चारही पुऱ्या व्हायला हव्यात. हे त्यांना कोण सांगणार, ते तुमचं तुम्ही बघा. फडात रात्री टॉर्च धरून नळ्या भरणाऱ्या टेक्निशियनचं नाव निदान आभारात तरी घाला, आणि घालण्याआधी त्यांना विचारा.

सबमिट करायच्या दिवशी: ऑर्किड (संशोधकाची ओळख पटवणारा) नंबर, एथिक्सचं पत्र, सगळ्यांच्या सह्या, कव्हर लेटर. साइट रात्री अडकते, सकाळी करा. कव्हर लेटरमध्ये क्रिएटिनिनच्या पद्धतीची एक ओळ घाला. कोणी मागत नाही, तरी घाला.

रिजेक्ट झालं तर दोन दिवस काही लिहू नका. रिव्हिजन आली तर प्रत्येक प्रश्नाला उत्तर, एकही गाळायचा नाही, भांडायचं नाही. मुदत वाढवून मागितली की बहुतेक वेळा मिळते.

प्रूफ आलं की साधारण दोन दिवस मिळतात. नावांची स्पेलिंगं, टेबलांतले आकडे, आणि मायक्रोचं ग्रीक अक्षर जागेवर आहे का ते. ते फॉन्ट बदलताना साधं एम होऊन बसतं, म्हणजे मायक्रोमोलचे मिलिमोल. किटच्या कंपनीचं नावही बघा. लॅबमधला तो फोटो काढून ताडून बघा.