टाइम गेम लावलीय? मग आधी मिनिटाचा हिशोब करा

बिलियर्ड्समध्ये शंभर-दीडशे पॉइंटची गेम सगळेच खेळतात, पण अर्ध्या तासाची टाइम गेम (वेळ संपेल तेव्हा ज्याचे पॉइंट जास्त तो जिंकला) लावली की चांगले चांगले बावचळतात आणि धडाधड मारत सुटतात. घाई करायचीच नाही. घड्याळ दोघांत एकच असतं, म्हणजे तुम्ही ब्रेकवर (न चुकता सलग पॉइंट घेत) असाल तोवर खुर्चीत बसलेल्याचाच वेळ जातोय. पंकज अडवाणीने 2005, 2008 आणि 2014 साली वर्ल्ड चॅम्पियनशिपचे टाइम आणि पॉइंट दोन्ही फॉरमॅट मारले, तो काय पळत पळत नाही खेळत.

आता हिशोब. रेडवरून इन-ऑफचे, म्हणजे आपला पांढरा रेडला लागून पॉकेटमध्ये गेला की, 3 पॉइंट. बॉल काढून डीमध्ये (टेबलाच्या खालच्या टोकाकडच्या अर्धवर्तुळात) ठेवायचा, चॉक लावायचा, मारायचं, 20 सेकंद धरा, मिनिटाला झाले 9. शेवटची 5 मिनिटं उरलीत आणि तुम्ही 60 ने पुढे आहात तर समोरच्याने एकही न चुकता मारलं तरी 45 च होतात, मग कशाला अवघड कॅननच्या (एकाच शॉटमध्ये दुसऱ्या दोन्ही बॉलना लागायचं) मागे लागायचं? आणि तुम्हीच 60 ने मागे असाल तर सेफ्टी (समोरच्याला सोपा शॉट न ठेवणं) खेळणं बंद, तेही शेवटी नाही, दहाएक मिनिटं हातात असतानाच.

सरावाला एकच शॉट घ्या, मिडल पॉकेटचा इन-ऑफ. डीमधून हाफ-बॉल (रेड अर्धा झाकेल असा), साइड (बाजूची फिरकी) न लावता, पांढरा मिडलमध्ये आणि रेड टॉप कुशनला लागून परत जागेवर यायला हवा. पावसाळ्यात आमच्याकडे कापड दमट होतं आणि रेड अर्ध्यातच बसतो, म्हणून थोडा जोर वाढवा. पणजीत एसीत सराव करून फोंड्याला पंख्याखाली मॅच खेळायला गेलात तर हे पहिल्या दोन शॉटमध्येच कळेल :)

सलग 15 हॅझर्डच (इन-ऑफ किंवा पॉट) चालतात, पुढे कॅनन लागतो. म्हणून बारा-तेरा झाले की दुसरा पांढरा कुठे आहे बघून ठेवा, तो बॉकमध्ये (डीच्या रेषेमागच्या भागात) असेल तर डीमधून सरळ त्याच्यावर मारता येत नाही आणि तिथेच ब्रेक संपतो.

बेल वाजताना मारलेला शॉट धरायचा की नाही ते आधीच ठरवा. टाइम क्लबच्या मार्करकडे (स्कोअर ठेवणाऱ्याकडे) द्या, खेळणाऱ्याच्या मोबाईलवर नको, मध्येच कुणाचा तरी फोन येतो आणि मग अलार्म वाजला की नाही यावर भांडत बसायचं.