वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलची मोफत सफर: जाण्यापूर्वी काय करावे आणि आत काय पाहावे

मुलामुलींकडे अमेरिकेला गेलेली आपली ज्येष्ठ मंडळी वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलचा पांढरा घुमट बाहेरूनच पाहतात, त्याच्यासमोर फोटो काढतात आणि पुढे निघतात, याची मला फार हळहळ वाटते. अमेरिकेची संसद जेथे भरते ती ही इमारत जाणकार गाइडबरोबर आतून पाहायला एक पैसाही लागत नाही आणि त्यासाठी अमेरिकी नागरिक असण्याचीही अट नाही.

सफरी सोमवार ते शनिवार असतात. नोंदणी व्हिजिटर सेंटरच्या संकेतस्थळावरून करावी, किंवा आपले यजमान ज्या मतदारसंघात राहतात तेथील लोकप्रतिनिधीच्या कार्यालयामार्फत करून घ्यावी. प्रवेश पूर्वेकडील जमिनीखालच्या व्हिजिटर सेंटरमधून आहे. कॅपिटॉल साउथ किंवा युनियन स्टेशन या मेट्रो स्थानकांवरून तेथे चालत जाता येते. तपासणी कडक असते. खाद्यपदार्थ आणि पाणी आत नेता येत नाही, त्यामुळे पोळीभाजीचा डबा बाहेरच संपवावा, आणि पानाची चंची बाळगणाऱ्यांनी अडकित्ता घरीच ठेवावा. मनाई असलेल्या वस्तू ठेवून घेण्याची सोय तेथे नाही, म्हणून जितके कमी सामान न्याल तितके बरे.

दिलेल्या वेळेच्या निदान पाऊण तास आधी पोहोचावे, असा माझा आग्रह आहे, आणि तो केवळ रांगेसाठी नाही. सफरीची सुरुवात ज्या इमॅन्सिपेशन हॉलमधून होते, तेथे घुमटावरील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा प्लास्टरचा मूळ नमुना उभा आहे. घुमटावरचा १९.५ फुटी कांस्यपुतळा खालून नीट दिसत नाही. येथे मात्र वस्त्राच्या चुण्यासुद्धा जवळून न्याहाळता येतात. हा नमुना अनेक भागांचा होता आणि ओतकामासाठी ते भाग सुटे करणे आवश्यक होते, परंतु जोड कोठे आहेत हे ठाऊक असलेल्या कारागिराने जादा मोबदल्याशिवाय ते दाखवण्यास नकार दिला, असे सांगतात. तेव्हा ओतशाळेत राबणाऱ्या फिलिप रीड या गुलाम कारागिराने पुतळ्याच्या डोक्यावरील कडीला दोर बांधून कप्पीने तो हळूहळू वर ताणला आणि ताणाबरोबर सांध्यांच्या फटी उघड्या पडल्या. १८६२ मध्ये वॉशिंग्टनमधील गुलामगिरी कायद्याने संपली, आणि २ डिसेंबर १८६३ रोजी पुतळा घुमटावर पूर्ण चढला तेव्हा रीड स्वतंत्र होते. ही हकिकत मनात ठेवून त्या नमुन्यासमोर दोन मिनिटे जरूर उभे राहावे.

लहानसा माहितीपट पाहून झाल्यावर गाइड आपल्याला वर नेतात. रोटुंडात, म्हणजे घुमटाखालच्या गोल दालनात, सर्वांची नजर आपोआप वर जाते. सुमारे १८० फूट उंचीवर कॉन्स्टॅन्टिनो ब्रुमिडी यांनी १८६५ मध्ये रंगवलेले भित्तिचित्र आहे. त्यात जॉर्ज वॉशिंग्टन देवलोकी विराजमान आहेतच, पण कडेची मंडळे अधिक बारकाईने पाहावीत: धान्याची देवता सेरेस चक्क कापणी यंत्रावर बसली आहे, आणि समुद्रदेवाजवळ व्हीनस अटलांटिकखालून जाणारी तारेची केबल टाकण्यास हातभार लावते आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्याने चित्र मोठे करून पाहिल्यास या गोष्टी स्पष्ट दिसतात. पुढचे पुतळ्यांचे दालन हे १८५७ पर्यंतचे प्रतिनिधिगृह होय. तेथे एका विशिष्ट जागी कुजबुजलेले शब्द बऱ्याच अंतरावर ऐकू येतात.

या सफरीत सभागृहांच्या प्रेक्षक सज्जांचा समावेश नसतो, आणि हे ठाऊक नसल्यामुळे अनेकजण प्रत्यक्ष सभागृह न पाहताच परततात. परदेशी पाहुण्यांनी व्हिजिटर सेंटरच्या वरच्या मजल्यावरील प्रतिनिधिगृह आणि सिनेट यांच्या भेटीच्या खिडक्यांवर पासपोर्ट दाखवून सज्जाच्या पासाची चौकशी करावी. तेथे जाताना मोबाइल आणि कॅमेरा बाहेर जमा करावा लागतो. कामकाज चालू असेल त्याच दिवशी जाणे उत्तम, कारण एखादा सदस्य बोलायला उभा राहिला की तासाभरापूर्वी पाहिलेल्या त्या जुन्या दालनात पूर्वी काय चालत असेल, हे डोळ्यांसमोर येते.